खिम्यातलं कोलाजेन

हाड मोडलं की पुण्यात कुणीतरी पाया सूप सुचवतंच, तेही कॅल्शियमसाठी. प्रत्यक्षात हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. उतरतं ते कोलाजेन नावाचं प्रथिन, आणि त्यासाठी पायाच हवा असं नाही. नळीच्या मांसाचा खिमा आमच्या मते जास्त चांगला.

मटण साफ करताना काढून टाकतो तो पांढरा, चिवट पडदा मुख्यतः कोलाजेनचाच. त्यात प्रथिनाच्या तीन साखळ्या वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. हा तिपेडी आराखडा जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी 1954-55 मध्ये मद्रासला मांडला. 60-65 अंश सेल्सियसला पडदा आक्रसतो आणि मांस पिळून पाणी बाहेर काढतो; अर्धवट शिजलेलं मटण वातड लागतं ते त्यामुळे. आच आणखी मिळत राहिली की वेण्या सुटतात, जिलेटिन होतं, रस्सा ओठांना चिकटतो. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये ते 120 पर्यंत जातं. म्हणून पातेल्यातले तीन-चार तास कुकरमध्ये तासाभरावर येतात.

खाटकाकडून नळीचं मांस पडद्यासकट घ्या, पण मानेचं घेतलंत तर त्यातला पिवळट दोर काढायला सांगा. तो इलॅस्टिन या वेगळ्या प्रथिनाचा, कितीही शिजवला तरी विरघळत नाही. घरी दळणार असाल तर दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. कोमट मांसातला पडदा कापला जात नाही, यंत्राच्या पात्याभोवती दोऱ्यासारखा गुंडाळला जातो. मग खिमा दळला न जाता चेचला जातो आणि चरबी लिबलिबीत होते. थंड मांस दळून पडदे बारीक झाले की दाताला जाणवत नाहीत. अर्धा किलो खिमा परतून, पाऊण कप पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर तासभर शिजवा. मोठ्या आचेवर पाणी आधीच आटतं आणि खिमा रवाळ, कोरडा होतो.

पायाचा रस्सा फ्रीजमध्ये जेलीसारखा थरथरला नाही तर बहुधा पाणी जास्त झालेलं असतं. कुकरमध्ये फार वेळ ठेवल्यानेही जिलेटिनच्या साखळ्या तुटतात आणि रस्सा धरत नाही. पोषण मात्र तेवढंच राहतं.

खाल्लेलं कोलाजेन जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. आतड्यात त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, मग शरीर हवं तिथे ती वापरतं. शिवाय कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे नुसत्या पाया सुपावर प्रथिनांची गरज भागत नाही. खिम्यात स्नायूही असतो, ती उणीव तिथेच भरून निघते.

शरीराला स्वतःचं कोलाजेन विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा.