‘आवश्यक फील्ड रिकामं आहे’: या एररमागचा इतिहास

लाल चांदणी असलेला एकूण एक रकाना भरलेला असतो, तरी ‘सेव्ह’ दाबलं की ‘आवश्यक फील्ड रिकामं आहे’ असं येतं. कोणतं, ते सांगत नाही. बोलणी खावी लागतात ती एन्ट्री करणाऱ्याला, आणि हे मला मनापासून खटकतं. ‘हे भरलंच पाहिजे’ हा नियम सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागी नसतो. तो वेगवेगळ्या काळात, एकावर एक थर चढत आला आहे.

आयबीएमचं 80 स्तंभांचं पंचकार्ड, म्हणजे छिद्रं पाडून माहिती नोंदवायचं कार्ड, 1928 मध्ये आलं. छिद्र नसलेला स्तंभ म्हणजे रिकामी जागा. ती विसरून राहिली की मुद्दाम सोडली, हे कार्डावरून कळायचं नाही. म्हणून तीच माहिती दुसऱ्यांदा टाइप करून कार्ड पडताळत असत.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची पद्धत, मांडलं. पुढे डेटाबेसमध्ये ‘नल’ रुळला: शून्य नाही, रिकामा मजकूरही नाही, तर ‘माहिती नाही’ अशी खूण. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचं पहिलं प्रमाण 1986 मध्ये ठरलं, आणि रकान्यापुढे ‘नॉट नल’ (रिकामं चालणार नाही) लिहिलं की डेटाबेस स्वतःच अपुरी नोंद नाकारू लागला. घोळ मात्र राहिलाच. ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या मजकुरालाही नल समजतो, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तसं समजत नाही. त्यामुळे एकीकडे वर्षानुवर्षं सुखाने नांदलेला डेटा दुसरीकडे नेताना अडकतो.

मग वेब आलं. वेबपेज लिहायच्या भाषेत, 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये, फॉर्म होते, पण रकाना सक्तीचा करायची सोय नव्हती. ज्याने त्याने आपापली तपासणी लिहिली. ‘रिक्वायर्ड’ ही खूण एचटीएमएल 5 बरोबर, 2014 मध्ये प्रमाण झाली. तिलाही एक स्पेस पुरते. नावाच्या रकान्यात चुकून स्पेसबार दाबला गेला तर ब्राउझर फॉर्म पुढे सोडतो. सर्व्हर कडेच्या स्पेस छाटत असेल तर त्याच्या हाती काहीच उरत नाही आणि तो एरर देतो. स्क्रीनकडे बघून हे कुणाला कसं कळणार?

त्याहून गुंतागुंतीचा थर सेटिंगमधल्या सक्तीचा. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फील्ड फक्त पेज लेआउटवर (स्क्रीनच्या मांडणीत) सक्तीचं करता येतं किंवा थेट फील्डवरच. पहिली सक्ती स्क्रीनपुरती, दुसरी इम्पोर्टलाही, म्हणजे फाइलमधून एकदम आत घेतलेल्या नोंदींनाही, लागू. दिसायला दोन्ही सारख्याच.

मला हे नीट उमगलं ते एका जुन्या ग्राहकाचा फोन नंबर बदलताना. नोंद सेव्हच होईना. दोन तास आम्ही फॉर्म वरखाली करत होतो. शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) अडलेल्या कॉलमचं नाव सापडलं: ग्राहकाचा विभाग. ग्राहक नोंदवला तेव्हा ते फील्ड अस्तित्वातच नव्हतं. नंतर कुणीतरी ते सक्तीचं केलं, जुन्या नोंदी तशाच ठेवल्या आणि आमच्या रोलला (आम्हाला दिलेल्या परवानग्यांच्या गटाला) ते दाखवायचं राहून गेलं. ॲडमिनने रोलला फील्ड दाखवलं, आम्ही विभाग भरला आणि नंबर बदलला. तशा रिकाम्या नोंदींची यादी काढली, तेव्हा तो ग्राहक एकटा नव्हता.