थ्रेड डायल
थ्रेड डायल हे लेथ या धातू कातण्याच्या यंत्राच्या ॲप्रनला, म्हणजे टूल वाहून नेणाऱ्या कॅरेजच्या पुढच्या भागाला, बाजूने बसवलेले छोटे दर्शक असून, आटे पाडताना हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रू या लांब आटेदार दांड्याशी जोडणारा, उघडझाप होणारा नट) पुन्हा नेमका कधी लावायचा हे त्यावरून कळते. आटा एका कापात पूर्ण खोल होत नाही. टूल मागे घेऊन, कॅरेज पुन्हा सुरुवातीला आणून तीच खाच अनेकदा कापावी लागते आणि एकदा जरी टूल जुन्या खाचेत उतरले नाही, तरी जॉब भंगारात जातो.

डायलच्या दांड्याखालचा गिअर लीड स्क्रूच्या आट्यांत गुंतलेला असतो. हाफ नट उघडा आणि कॅरेज उभे असताना लीड स्क्रू हा गिअर फिरवतो, म्हणून डायल फिरत राहते. हाफ नट बसला की कॅरेज लीड स्क्रूबरोबर सरकू लागते आणि डायल जागीच थबकते. नवख्या टर्नरला हे थांबणे बिघाडासारखे वाटते, पण हाफ नट नीट बसल्याची खूण तीच.

लीड स्क्रू इंचाला 4 आट्यांचा आणि गिअर 16 दातांचा असेल, तर डायलचा एक फेरा 4 इंचांचा होतो. म्हणजे 1 ते 4 हे आकडे एकेका इंचाचे आणि मधल्या रेघा अर्ध्या इंचाच्या. पाडायचे आटे इंचात समसंख्येत असल्यास कोणतीही रेघ चालते, विषम असल्यास आकड्याचीच रेघ धरावी लागते, आणि 2 इंची बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, इंची आट्यांचे मानक) बोल्टच्या साडेचार आट्यांसाठी 1 व 3 किंवा 2 व 4 अशी जोडीच चालते. संख्येला 4 ने भाग जात असेल, तर डायलकडे पाहण्याचेही कारण नाही.

सोलापुरात यंत्रमागांच्या दुरुस्तीची कामे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये पाच सुती बोल्ट हा शब्द सहज कानी पडतो. इथे सूत म्हणजे धागा नव्हे, तर इंचाचा आठवा भाग. पाच सुती बीएसडब्ल्यू बोल्टला इंचात 11 आटे असतात. चुकून मधल्या रेघेवर हाफ नट लावला, तर अर्ध्या इंचात साडेपाच आटे बसत असल्याने टूल बरोबर दोन खाचांच्या मधल्या माथ्यावर उतरते आणि आधी पाडलेला आटा कापून काढते.

मिलिमीटरच्या कामाचे गणित वेगळे. लीड स्क्रूचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, 6 मिमी असल्यास एम 10 चा (10 मिमी व्यासाच्या बोल्टचा) 1.5 आणि एम 16 चा 2 मिमी पिच 6 ला निःशेष भागतो, म्हणून हाफ नट कुठेही लावता येतो. एम 8 च्या 1.25 मिमी पिचचा मेळ मात्र 30 मिमीवर, म्हणजे 5 दातांनी बसतो, आणि एम 12 च्या 1.75 चा 42 मिमीवर, 7 दातांनी. म्हणून पहिल्याला 15 दातांचा आणि दुसऱ्याला 14 दातांचा गिअर लागतो. इंची लीड स्क्रूवर 127 दातांचा चेंज गिअर (आट्याच्या मापानुसार बदलायचा गिअर) लावून मिमीचे आटे पाडताना डायल निरुपयोगी ठरते. तिथे हाफ नट शेवटपर्यंत न उघडता, प्रत्येक कापानंतर टूल मागे घेऊन मशीन उलटे फिरवूनच कॅरेज परत आणतात.

सेकंड हँड लेथवर कोणत्या आट्याला कोणती रेघ हे सांगणारी तक्त्याची पट्टी एका मशीनची आणि गिअर दुसऱ्याचा असे होऊ शकते, म्हणून पट्टीवर विसंबण्यापेक्षा गिअरचे दात मोजून त्यांना लीड स्क्रूच्या पिचने गुणून डायलचा एक फेरा किती लांबीचा हे काढणे बरे. काम संपल्यावर झीज टाळण्यासाठी गिअर लीड स्क्रूपासून बाजूला वळवून ठेवतात; दोन कापांच्या मध्ये तसे केल्यास धरलेली रेघ हरवते.