तार एका बाजूला किती वेळ राहते?

गिटारची तार छेडली की ती थरथरते. पण ती अख्खीच्या अख्खी आपल्या मूळ रेषेच्या एकाच बाजूला जास्तीत जास्त किती वेळ राहू शकेल? 110 हर्ट्झच्या तारेचं उत्तर आहे सुमारे 4.5 मिलिसेकंद. ती कुठे छेडली, किती जोरात छेडली, याने काही फरक पडत नाही.

तारेचं समीकरण फ्रेंच गणितज्ञ द'अलांबेरने 1747 मध्ये मांडलं. तार जिथे जास्त वाकलेली, तिथे तिला परत ओढणारं त्वरण जास्त, एवढंच ते सांगतं. हायपरबोलिक अवकल समीकरणांचं, म्हणजे लाटांसारख्या बदलांचं वर्णन करणाऱ्या समीकरणांचं, हे मूळ उदाहरण. आता एक युक्ती पाहा, मला ती फार देखणी वाटते. तारेच्या प्रत्येक बिंदूच्या विस्थापनाला, म्हणजे मूळ रेषेपासूनच्या अंतराला, एक वजन द्यायचं: दोन्ही टोकांशी शून्य, मध्यावर सर्वाधिक, मधे साइन वक्राची एकच कमान. मग सगळ्याची बेरीज करायची. या बेरजेत वरचे सगळे स्वरांश, म्हणजे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतली कंपनं, आपोआप गळून पडतात आणि उरते फक्त मूळ कंप्रतेने वरखाली होणारी एक संख्या. ती अर्ध्या आवर्तनाहून जास्त काळ धन राहूच शकत नाही. वजनं तर कुठेच ऋण नाहीत. म्हणजे तेवढ्या वेळात तारेचा निदान काही भाग रेषा ओलांडणारच!

समीकरण न सोडवता हे कळलं, हे महत्त्वाचं. समीकरणात विलंब (आधीच्या क्षणांचा परिणाम) किंवा अरेषीय पदं (वर्ग, घन अशी) आली की सूत्ररूप उत्तर बहुधा मिळत नाही. तिथेही अशीच सरासरी घेऊन प्रश्न एका साध्या अवकल समीकरणावर आणतात. मग 1836 मध्ये गणितज्ञ स्टुर्मने दिलेली, दोन समीकरणांची उत्तरं कुठे शून्य होतात ते ताडून पाहण्याची पद्धत कामी येते.

अर्थात अटी आहेत. टोकं पक्की हवीत. अवरोध, म्हणजे कंपन थोपवणारा विरोध, मर्यादेत हवा. तो फार वाढला तर तार रेषा न ओलांडताच हळूहळू जागेवर येऊ शकते. उष्णतेच्या समीकरणात तर हे आंदोलन नसतंच: टोकं शून्य अंशावर धरलेली तापलेली सळई निवते, पण शून्याखाली कधी जात नाही.

तंबोऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे तार घोडीच्या वक्र पृष्ठावर टेकते आणि टेकण्याची जागा प्रत्येक कंपनात सरकते, त्यामुळे ठरावीक वजनांची ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीकडे लक्ष वेधलं होतं: छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश नियमाप्रमाणे गायब व्हायला हवेत, तेही या वाद्यात ठळक ऐकू येतात.