सॉफ्टवेअरच्या मुक्त आणि मालकी आवृत्त्या

एकाच सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली ठेवायची आणि दुसरी पैसे घेऊन विकायची, अशी ही वितरणपद्धत आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द वेगळे आहेत, हे बरेच झाले. कोड पाहण्याची, बदलण्याची, वाटण्याची मुभा असेल तर सॉफ्टवेअर मुक्त. नुसते फुकट मिळते म्हणून ते मुक्त ठरत नाही.

पुण्यात याचे जुने उदाहरण अक्षरांत सापडते. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीची ‘श्रीलिपी’ ही फॉन्टची प्रणाली डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे छपाईची पाने संगणकावर जुळवणाऱ्यांच्या, चांगल्या परिचयाची: विकत घ्यायची आणि संगणकाला डाँगल (विकत घेतल्याची खूण पटवणारे छोटे उपकरण) लावून चालवायची. याच कंपनीने पुरवलेले ‘लोहित’ फॉन्ट मात्र रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअरच्या कंपनीने जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये ते एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या फॉन्टसाठीच्या मुक्त परवान्याखाली आले. (लोहित म्हणजे तांबडा, आणि टोपीही तांबडीच.)

असे दोन्हीकडून देता येते ते स्वामित्वहक्क हातात असतो म्हणून. स्वीडनच्या मायएसक्यूएल एबीने आपला डेटाबेस जीपीएलखाली दिला. जीपीएलची अट अशी की, हा कोड आपल्या उत्पादनात मिसळून वाटलात तर त्या उत्पादनाचा कोडही खुला करा. ज्यांना ते नको, त्यांनी व्यापारी परवाना घ्यावा. बाहेरून आलेल्या कोडचे हक्कही कंपनीकडे नसतील तर हा सौदा अडतो. म्हणून योगदान देणाऱ्यांकडून आधी करारावर सही घेतली जाते. २००८ मध्ये सन या संगणक कंपनीने मायएसक्यूएल एबी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली, २०१० मध्ये सन ओरॅकल या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीकडे गेली. ओरॅकलच्या धास्तीतून २००९ मध्येच मायएसक्यूएलच्या मूळ कोडवरून मारियाडीबी ही आवृत्ती वेगळी निघाली होती.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची गोष्ट उलटी. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, पण परवाना इतका सैल की त्यावर बंद उत्पादनही उभारता येते. पुण्यात कार्यालय असलेली एंटरप्राइजडीबी ही कंपनी ओरॅकलच्या डेटाबेसशी जुळणारी आपली आवृत्ती विकते ती याच आधारावर.

रेड हॅटने २००३ मध्ये तिसरी वाट धरली, लिनक्स या मुक्त संचालनप्रणालीच्या दोन आवृत्त्यांची: प्रयोगांसाठी फेडोरा, गिऱ्हाइकांसाठी एंटरप्राइझ लिनक्स. इथे पैसे कोडचे नसतात. तपासलेल्या अपडेटचे आणि मध्यरात्री सर्व्हर बसला तर फोन उचलणाऱ्या माणसाचे असतात. ‘ओपन कोअर’ या आणखी एका पद्धतीत गाभा खुला असतो, पण मोठ्या कार्यालयांना लागणाऱ्या सोयी, म्हणजे ऑडिटची नोंद किंवा एकत्रित लॉगिन, कुलपात ठेवल्या जातात. कुलूप नेमके कुठे घालायचे, यावरच बहुतेक भांडणे होतात.

क्लाउड कंपन्या, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या, खुला कोड सेवा म्हणून विकू लागल्यावर मूळ कंपन्यांनी परवाने आवळले: मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हाशीकॉर्पने २०२३ मध्ये. त्यावर इलॅस्टिकच्या कोडवरून ओपनसर्च आणि हाशीकॉर्पच्या कोडवरून ओपनटोफू हे फाटे फुटले. इलॅस्टिकने २०२४ मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय जोडून आपला कोड पुन्हा मुक्त केला. ओपनसर्च तोवर आपल्या वाटेने बरेच पुढे गेले होते.