पार्श्वभूमी : मोज्यांची लोकर नेमकी कशाची?

दुकानात जाऊन 'चार पदरी लोकर द्या' म्हटलं, की हातात पडणारा गुंडा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असतो. दुकानदार खोटं बोलत नाही. विणायच्या कुठल्याही मऊ, जाडसर धाग्याला लोकरच म्हणायचं, हे आता मराठीत रुळलं आहे. स्वेटरच्या बाबतीत ते एकवेळ खपून जातं, पण मोज्यांना महागात पडतं.

मोजे तसे फार जुने. इजिप्तमध्ये सापडलेले तिसऱ्या ते पाचव्या शतकांमधले लोकरी मोजे लंडनच्या एका संग्रहालयात आहेत. अंगठ्याचा कप्पा वेगळा असलेले हे मोजे एकाच सुईने वेटोळी ओवून केलेले आहेत, कारण दोन सुयांचं विणकाम नंतरचं. आपल्याकडे मेंढीची लोकर होतीच, पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचं घोंगडं उत्तम होतं, पाऊसही अडवतं. पायाला मात्र ती टोचते. म्हणून घरोघरचं विणकाम इंग्रजी अमलात मुलींच्या शाळांमधून आलं, तेव्हा त्याबरोबर बाहेरची मऊ लोकरही आली.

त्या काळी मोज्यांसाठी वेगळा धागा असे, त्याला 'फिंगरिंग' म्हणत. लांब तंतू विंचरून, एका दिशेला लावून, घट्ट पीळ दिलेला. पिंजून सैल कातलेला धागा जास्त ऊबदार असतो, पण बुटात घासून त्याची टाच लवकर विरते. मोज्याला पीळ हवा, ही समज तेव्हाच्या विणणाऱ्या बायकांना पक्की होती. महायुद्धांत खंदकांमधल्या सैनिकांचे पाय ओले राहून सडत, तेव्हा देशोदेशींच्या घरांतून मोजे विणून गेले. १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडेही जवानांसाठी सुया चालल्या.

मग आलं ॲक्रिलिक. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ते बाजारात आलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आपल्या दुकानांत त्याने बस्तान बसवलं. 'कॅशमिलॉन' हे खरं तर एका जपानी कंपनीचं व्यापारी नाव, पण आपल्याकडे ते सगळ्याच ॲक्रिलिकसाठी सरसकट वापरात आलं. ॲक्रिलिक स्वस्त होतं, रंग भडक आणि पक्के, कसर लागत नव्हती, डांबराच्या गोळ्यांची गरज नव्हती. दमट हवेत लोकरी कपडे सांभाळून थकलेल्या घरांनी ते आनंदाने घेतलं, यात त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू नये. पण त्याच सुमारास 'लोकर' या शब्दाचा अर्थ पातळ झाला. १९६४ मध्ये शुद्ध नव्या लोकरीसाठी आंतरराष्ट्रीय चिन्ह निघालं, ते याच गोंधळावरचा उपाय म्हणून. आपल्याकडे सुट्या लडी विकणाऱ्या दुकानांत ते क्वचितच दिसलं.

अर्थ पातळ झाल्याने काय बिघडतं, ते पायाला कळतं. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही, ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के शोषतं. पायाला घाम येतोच, आणि ॲक्रिलिकच्या मोज्यात तो त्वचेवरच राहतो. पंधरा मिनिटं चाललं की गरम वाटणारे मोजे थांबताच गार होतात. 'चार पदरी' या शब्दानेही फसू नये. पदर म्हणजे पिळातल्या धाग्यांची संख्या. त्यातून ना जाडी कळते, ना तंतू. खात्री करायची असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून काळा, टणक मणी होतो.

वाद आता नायलॉनवर आहे. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा मोज्यांचा धागा परदेशात सर्रास चालतो, आपल्याकडे ऑनलाइन मिळतो, महाग पडतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ती भेसळ वाटते. मला तसं वाटत नाही, कारण नायलॉन ऊब देत नसलं तरी टाच वाचवतं, आणि ७५ टक्के लोकर आपलं काम करतेच. गुंड्याच्या कागदावर 'मिश्र लोकर' एवढंच लिहून टक्के लिहिले नसतील, तर मात्र तो मोज्यांसाठी घेऊ नये. धुण्याचा प्रश्नही आता सुटला आहे. गरम पाण्यात चोळल्याने लोकर आटून गोळा होई, ते तंतूवरचे खवले क्लोरीनने कमी करून वर पातळ थर देण्याच्या प्रक्रियेने टळतं.

माझी आजी हे सगळं वाचून शिकली नव्हती. बारा नंबरच्या चार सुयांवर मोजा विणताना टाचेपाशी आली, की शिवणकामाचा बारीक नायलॉन दोरा लोकरीच्या बरोबरीने धरायची, आणि टाच वळून झाली की तो तोडून टाकायची. तिने विणलेल्या एका राखाडी जोडीचा तळ दोनदा रफू केलेला आहे. टाच अजून शाबूत आहे.