‘मोती पिकू दे, मग काढू’: या वाक्यामागचा इतिहास

गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोणच्या डोळे तपासणी शिबिरात वयस्कर माणसं हमखास दोन गोष्टी सांगतात. ‘मोती अजून पिकला नाही’ (मोती म्हणजे मोतीबिंदू, डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग) आणि ‘चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, थंडीत करू.’ याला अडाणीपणा म्हणू नये. पूर्वीच्या शस्त्रक्रियेला हे दोन्ही सल्ले लागू होते.

तेव्हा मोफत शस्त्रक्रिया शाळेच्या वर्गात नाहीतर देवळाच्या मंडपात व्हायच्या. शेजारच्या कर्नाटकात डॉ. मुरिगेप्पा मोदींनी अशी शिबिरं गावोगाव नेली. पावसात मंडप टिकत नसे, म्हणून थंडीचा मोसम. बुबुळाच्या वरच्या कडेला जवळजवळ अर्धवर्तुळाकार चीर देऊन आवरणासकट अख्खं भिंग बाहेर काढत. मग टाके, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं झोपायचं.

आत भिंग उरत नसल्यामुळे अधिक १० च्या आसपासचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू पंचवीस ते तीस टक्के मोठी दिसते. एकच डोळा केला तर दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळत नाहीत, पायरी भलतीकडेच दिसते. म्हणून नजर पार जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामींनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरल्ड रिडलींनी १९४९ सालीच बसवलं होतं, पण त्याची किंमत गरिबाला झेपणारी नव्हती. अरविंदच्याच ऑरोलॅबने १९९२ पासून ते देशात बनवायला घेतलं आणि जाड चष्म्याचं दुखणं संपत गेलं. आता साधारण ६ मिलिमीटरच्या, टाका न घालता आपोआप मिटणाऱ्या बोगद्यासारख्या चिरेतून मोती काढतात आणि डोळ्यातच ठेवलेल्या त्याच्या आवरणात भिंग बसवतात.

यामुळे हिशेब उलटला. पिकलेला मोती आता अडचणीचा. त्याचा गाभा कडक, आवरण धरून ठेवणारे धागे सैल, आणि फार पिकून आतला द्रव झिरपला तर डोळ्याचा दाब चढून नजरेची नसच जाते.

शाळेतल्या शस्त्रक्रिया बंद झाल्या त्या जंतुसंसर्गामुळे. शस्त्रक्रियेत डोळा धुण्याच्या द्रवाची एक दूषित बाटली दिवसभराच्या सगळ्या रुग्णांचे डोळे घालवू शकते. म्हणून आता गावात फक्त तपासणी: दृष्टी, टॉर्चने बाहुलीची हालचाल, डोळ्याचा दाब, आसवांची पिशवी, रक्तदाब, साखर. बाहुली उजेडाला प्रतिसाद देत नसेल तर नस गेल्याची शंका येते. मोती काढूनही नजर येईलच असं नाही, हे घरच्यांना आधी सांगावं लागतं. शस्त्रक्रिया बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) रुग्णालयात. तिथे भिंगाचा नंबर मोजतात, आणि चीर देण्याआधी पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून सुमारे तीन मिनिटं थांबतात. ही तीन मिनिटं कुणी घाईत कमी करू नयेत.

गोवा सरकारच्या २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेला गोव्यात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. बांधकामावरचा परप्रांतीय मजूर तिथेच अडतो.

रुग्णांची गळती मात्र शेवटी होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, दिसू लागलं, की रुग्ण खूश. थेंब चार ते सहा आठवडे घालायचे असतात. ते दहा दिवसांतच बंद होतात. चष्म्याचा नंबर थेंबांचे आठवडे पुरे झाल्यावर ठरतो, पण त्यासाठी केपेहून परत येणं म्हणजे दोन बस, आणि सोबत येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी.