विद्यापीठाची वेधशाळा आणि हवामानशास्त्राचं शिक्षण

विद्यापीठाच्या आवारातच स्वतःचं हवामान केंद्र असतं आणि पोरं तिथेच नोंदी घेत, नकाशे वाचत, अंदाज काढत हवामानशास्त्र शिकतात, अशी ही पद्धत. यात मोठं नाव अमेरिकेतल्या नॉर्मन गावच्या ओक्लाहोमा विद्यापीठाचं, तिथलं नॅशनल वेदर सेंटर २००६ पासूनचं, एकाच इमारतीत वर्गही भरतात आणि सरकारी वादळ-अंदाजाचं ऑफिसही चालतं. आपल्याकडे कोचीनच्या विद्यापीठात वातावरणाचा अभ्यास करायला स्वतःचा २०५ मेगाहर्ट्झचा रडार आहे.

खान्देशातून या विषयात जायचं तर सरळ रस्ता पुण्याचा. जळगाव-धुळ्याला फिजिक्स नाहीतर मॅथ्स घेऊन बीएस्सी करायची आणि पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाशशास्त्र विभागात जायचं, किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून ॲग्री करून पुण्याला कृषी हवामानशास्त्रात एमएस्सी करायची. कृषी हवामानशास्त्राचा देशातला स्वतंत्र विभाग १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांनी पुण्यातच सुरू केला. गणित भरपूर लागतं, ढग बघायला आवडतात म्हणून आलेले पहिल्या सेमिस्टरलाच गार होतात.

पण खरं शिक्षण आवारातल्या त्या पांढऱ्या लाकडी पेटीत. झडपांची पेटी, दार उत्तरेला, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही, आणि आत चार थर्मामीटर, कोरडा, ओला, कमाल, किमान. ओल्याच्या फुग्याला मलमलचं फडकं आणि वात, वात पाण्याच्या बाटलीत. मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ ला गेला की खान्देशात कोरड्या-ओल्यात २० डिग्रीच्या आसपास फरक पडू शकतो, हवा इतकी कोरडी असते, म्हणून तर इथे वाळ्याचा कूलर चालतो आणि मुंबईत नुसती चिकचिक होते. बाटलीतलं पाणी संपलं आणि फडकं सुकलं की दोन्ही थर्मामीटर सारखंच दाखवतात आणि आर्द्रतेच्या तक्त्यात उत्तर निघतं १०० टक्के, तेही भर मे महिन्यात! पुस्तकात हे वाचून कोणाच्या लक्षात राहत नाही, वहीत एकदा लिहिलं गेलं की जन्मभर राहतं. शेजारी बाष्पीभवनाचं पसरट भांडं असतं, त्यावर जाळी, नाहीतर पाखरं पाणी पिऊन जातात आणि हिशोबात ते बाष्पीभवन धरलं जातं.

पावसाचं माप सकाळी साडेआठला, मागच्या २४ तासांचं. पर्जन्यमापक झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे कशाला माहीत असावं? तर फळपीक विम्याचा दावा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. थंडीत पारा १० च्या खाली गेला की केळीची वाढ अडते, मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, आणि केंद्रच चुकीच्या जागी उभं असेल तर शेतातलं एक आणि कागदावरचं दुसरंच.

अंदाजाचंही तसंच. आज जळगावचं उद्याचं कमाल तापमान लिहून द्यायचं आणि उद्या नोंदीशी ताडायचं, चुकलं तर किती आणि का तेही लिहायचं. ओक्लाहोमा विद्यापीठ तर यावर विद्यापीठांची स्पर्धाच घेतं, चुकीला पॉइंट लागतात, कमी पॉइंटवाला जिंकतो. शेजारच्या बुलढाण्यात भेंडवळला आखाजीला (अक्षय तृतीयेला) घटमांडणी होते, तिचं पाऊस-पिकाचं भाकीत ऐकायला गर्दी असते, पण वर्षअखेर ते असं ताडून कोण बघतं!

कृषी विद्यापीठांच्या केंद्रांतून मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो, फवारणी करावी की थांबावी वगैरे, तो तयार करताना विद्यार्थी हाताशी असले तर शिकायला बरंच मिळतं. नोकऱ्या हवामान खात्यात, विमा कंपन्यांत, आणि आता पवनऊर्जेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि अशा प्रकल्पांना उद्याच्या दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे करून कोणत्या तुकड्यात किती वीज येईल ते आधी कळवावं लागतं, अंदाज फार हुकला की दंड.